खेड्यातील इतिहास-संग्रहालय: वस्तूंच्या आधी नोंदवही

खानदेशातील बहुतेक गावांत संग्रहालयाची कल्पना एकाच प्रकारे सुचते. एखादे जुने धाब्याचे घर पाडले जाते, नव्या स्लॅबच्या घरात जागा नसल्याने बळदातली पितळी भांडी मोडीत जातात, मोटेचे चाक उकिरड्याच्या कडेला पडून राहते, आणि मग पारावर बसलेली पाच-सात माणसे म्हणतात की हे कुठेतरी जपून ठेवायला हवे. विचार योग्यच असतो; पण दुसऱ्याच दिवशी वस्तू गोळा करायला सुरुवात होते, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ त्या घाईत असते.

बोरी नदीकाठच्या आमच्या गावातही हेच झाले. चार महिन्यांत दोन खोल्या भरल्या, आणि वर्षभराने एकाच तांब्याच्या हंड्यावर दोन घरांनी हक्क सांगितला, तेव्हा तो कोणी दिला हे आमच्यापैकी कोणालाही खात्रीने सांगता आले नाही. शेवटी हंडा दोघांनाही न देता आमच्याकडेच ठेवण्याचे ठरले, दोन्ही घरे नाराज झाली, आणि त्या हंड्याखाली आजही ‘दाता अनिश्चित’ अशी चिठ्ठी आहे. पुढे दिलेला क्रम या अनुभवातून शिकलेला आहे.

सात माणसे आणि एक ठराव

संस्था रीतसर नोंदवायची असेल, तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात होते. पहिल्या वर्षी नोंदणी केली नाही तरी काम अडत नाही. मात्र बँकेत खाते उघडणे, देणग्या घेणे, सरकारी जागा मागणे यांपैकी काहीही करायचे असल्यास ती आधी करावी. नोंदणीनंतर वार्षिक हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. गावातल्या संस्था बहुधा इथेच अडकतात. अध्यक्ष वारतात, अर्ज कोणी देत नाही, आणि दहा वर्षांनी कागदावर फक्त दिवंगत माणसे उरतात.

घटनेत एक कलम पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे: संस्था बंद पडली तर वस्तूंचे काय होईल. दात्याच्या घराला आधी विचारायचे, त्यांनी नाकारले तर जिल्ह्यातील कोणत्या संग्रहालयाला द्यायचे, आणि कोणत्याही परिस्थितीत विश्वस्तांपैकी कोणी वस्तू घरी नेणार नाही, हे स्पष्ट शब्दांत असावे. अनेक घरे वस्तू देताना कचरतात त्याचे कारण हीच शंका असते, आणि हे कलम वाचून दाखवले की निम्मी शंका जागीच मिटते.

जागा ग्रामपंचायतीची असेल तर तोंडी होकारावर विसंबू नये. ग्रामसभेत ठराव घ्यावा, त्यात खोली कोणती, किती वर्षांसाठी, वीजबिल कोणाचे, दुरुस्ती कोणाची हे लिहावे आणि ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल संस्थेच्या फायलीत ठेवावी. सत्ता दर पाच वर्षांनी बदलते आणि नव्या सरपंचांना जुन्यांचा शब्द बांधील नसतो.

घेण्याआधी नाही म्हणायला शिकणे

संग्रहालय निघाल्याची बातमी पसरली की सर्वांत आधी दळणाची जाती येतात. जाते प्रत्येक घरात असते, जड असल्याने अडचणीचे असते, आणि फेकून देणे जिवावर येते. आमच्याकडे पहिल्या काही आठवड्यांतच सात जाती आली. सात जाती ठेवून संग्रहालय सातपट चांगले होत नाही, फक्त फरशी खचते. आम्ही नंतर असे ठरवले की प्रत्येक प्रकारची एकच वस्तू, आणि तीही जिच्याबद्दल सर्वांत जास्त सांगता येईल अशी, कायमची ठेवायची. उरलेल्यांचे छायाचित्र, मोजमाप आणि मालकिणीचे बोलणे नोंदवून वस्तू सन्मानाने परत करायची. घरच्यांना वस्तू घेतली जाण्यापेक्षा तिची कथा लिहिली गेल्याचे समाधान अनेकदा मोठे वाटते.

त्यासाठी एका पानाचे संग्रह-धोरण लिहावे. आपले गाव आणि शिवार याबाहेरची वस्तू घ्यायची का, किती जुनी हवी, मोठ्या वस्तूंना मर्यादा किती, हे त्यात यावे. गावातील सर्व आळ्यांची नावे त्या पानावर लिहून ठेवावीत आणि दर सहा महिन्यांनी पाहावे की कोणत्या आळीतून एकही वस्तू आलेली नाही. असे न केल्यास संग्रहालय पाटलांच्या वाड्याचे आणि सावकाराच्या पेढीचे होते. सुताराचा किकरा आणि वाकस, चांभाराची रापी, कुंभाराचे चोपणे, भिल्ल घरातले मासे धरण्याचे साधन, पावरा घरातली बासरी, बंजारा बाईची कशिद्याची पिशवी यांची किंमत मोडीच्या तराजूत काहीच नसते, म्हणून त्या स्वतःहून कोणी आणत नाही. त्या मागायला जावे लागते. मागताना कोरड्या विनंतीपेक्षा ‘हे कसे वापरायचे ते आम्हाला दाखवाल का’ असे विचारलेले अधिक फळते.

काही गोष्टी मात्र घेऊच नयेत. देवघरातील टाक (देवांच्या धातूच्या प्रतिमा) आणि कानबाई देवीच्या पूजेतल्या वस्तू घरच्यांनी स्वतः आणून दिल्या तरी घाईने स्वीकारू नयेत, कारण आज देणाऱ्या मुलाला त्याच्या काकांची संमती असेलच असे नाही. श्रावणात कानबाई बसते तेव्हा जाऊन, विचारून छायाचित्र घ्यावे, तेवढे पुरे. वन्यप्राण्यांचे कातडे, शिंगे, नखे ठेवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे अडचणीचे आहे, तेव्हा आजोबांनी मारलेल्या बिबट्याचे कातडे कितीही अभिमानाने आणले तरी वन विभागाला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. ठासणीची बंदूक किंवा तलवार आली तर आधी पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करावी आणि उत्तर फायलीत ठेवावे.

जमिनीतून निघालेल्या वस्तूंचा प्रश्न खानदेशात विशेष महत्त्वाचा आहे. तापी, गिरणा आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकड्या ठिकठिकाणी आहेत, आणि शेतकरी शेतात टाकायला ती पांढरी माती वर्षानुवर्षे नेत आले आहेत. नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशे आणि चाळीसगाव तालुक्यातील बहाळ येथे १९५०च्या दशकात झालेल्या उत्खननांतून ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर उजेडात आले, ते अशाच टेकड्यांमधून. तेव्हा कोणी रंगीत खापरे टोपलीत घालून आणली, तर आनंदाने ती कपाटात मांडण्याचा मोह आवरावा. कोणत्या गटातून, किती खोलीवर, कशाच्या शेजारी सापडले, हे खापराबरोबर आले नाही तर अभ्यासकाला त्याचा उपयोग फार थोडा राहतो. जागेचे छायाचित्र घ्यावे, गट क्रमांक लिहावा, पुढचे खोदणे थांबवण्याची विनंती करावी आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिकच्या कार्यालयाला पत्र द्यावे. नाणी किंवा दागिने निघाले तर १८७८च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या दडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. कायद्यातील दहा रुपयांचा आकडा दीडशे वर्षांपूर्वीचा असला तरी कर्तव्य आजचे आहे. त्याचप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावशेष अधिनियम १९७२ च्या कक्षेत येऊ शकते आणि त्यातील काही प्रकारांची नोंदणी बंधनकारक आहे, म्हणून अशा वस्तू स्वीकारण्याआधी त्याच कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

नोंदवही

पक्क्या बांधणीची, पाने क्रमांकित असलेली, मोठ्या आकाराची वही घ्यावी. सुट्या कागदांची फाईल चालणार नाही, कारण त्यातले पान काढता येते आणि घालताही येते. लिखाण न पुसणाऱ्या काळ्या शाईने करावे. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर मजकूर आणि सही करावी. पांढरी शाई लावू नये. संगणकावरील तक्ता हवाच, तथापि तो वहीवरून उतरवलेला असावा. ज्याच्या लॅपटॉपवर तक्ता आहे तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला की काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

प्रत्येक वस्तूला एकच क्रमांक द्यावा. साल, त्या सालातील कितवी आवक आणि त्या आवकेतील कितवी वस्तू, असा तीन भागांचा क्रमांक सोयीचा पडतो. २०२४ साली पाचव्या घराकडून मापांचा संच आला आणि त्यातले दुसरे माप शेराचे असेल, तर त्याचा क्रमांक २०२४.५.२ होतो. यात पुढे कितीही भर पडली तरी जुने क्रमांक हलवावे लागत नाहीत.

वहीतील रकाने असे असावेत: क्रमांक, आल्याची तारीख, वस्तूचे प्रमाण मराठीतील नाव, घरातले बोलीतील नाव, साहित्य, सेंटिमीटरमध्ये मापे, अवस्था, कोणी दिली, दान की उसनी, आणि शेवटी सर्वांत रुंद रकाना ‘हकीकत’. बोलीतील नावाचा रकाना मी हट्टाने ठेवायला लावतो. एकाच जात्याला अहिराणी बोलणाऱ्या घरात घट्टी म्हणतात, लेवा घरात घरोटा म्हणतात, आणि वस्तू वापरातून गेली की हा शब्द तिच्यापेक्षा आधी जातो. मोटेबरोबर नाडा, सोंदूर, थारोळे, धाव (मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट) हे शब्दही नोंदवावेत, कारण चामड्याची मोट एखाद्या घरात अजून सापडेल, परंतु धाव कशाला म्हणत हे सांगणारा माणूस पुढच्या वर्षी भेटेलच असे नाही.

हकीकतीचा नमुना म्हणून अशी नोंद पाहावी:

‘लोखंडी शेर, तळाशी शिक्का, कडेला चेमटलेला. देणाऱ्या बाईंच्या सासूबाई धान्य मजुरी मोजण्यासाठी वापरत. कापूस वेचणीच्या बायकांना पैसे, पण ज्वारी कापणीच्या बायकांना धान्य, असा त्यांच्या घरचा रिवाज होता. चेमटा कशाने पडला हे विचारल्यावर हसल्या आणि म्हणाल्या, सासूबाईंच्या रागाने.’

या चार वाक्यांनी तो शेर बाजारात मिळणाऱ्या इतर शेरांपासून वेगळा होतो. साहित्य आणि मापे कोणीही नंतर घेऊ शकतो. ही वाक्ये ती बाई असतानाच मिळतात. म्हणून स्वयंसेवकांकडे वेळ थोडा असेल तेव्हा आधी हकीकत लिहावी आणि मोजपट्टी नंतर काढावी.

वस्तूवर क्रमांक घालताना ती बिघडू नये. कापडावर क्रमांक लिहिलेली सुती पट्टी दोन सैल टाक्यांनी शिवावी. कागदाच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने लिहावे, बॉलपेनने कधीही नाही. लाकूड, धातू आणि दगडाला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधणे सर्वांत सुरक्षित. चिकटपट्टी, स्टिकर आणि स्टेपलर या तिन्ही वस्तू नोंदणीच्या टेबलावरून हद्दपार कराव्यात.

प्रत्येक दात्याकडून दोन प्रतींत दानपत्र घ्यावे. वस्तू कायमची दिली आहे, संग्रहालय ती मांडू शकते, तिचे छायाचित्र छापू शकते, आणि संग्रह-धोरणानुसार पुढे कधी परत करू शकते, एवढे पुरे. घरात भावंडे असतील तर शक्यतो दोघांच्या सह्या घ्याव्यात. ‘तुमच्याकडेच राहू द्या, लागेल तेव्हा नेऊ’ अशी उसनवारी शक्यतो टाळावी. घेतलीच तर परतीची तारीख लिहून घ्यावी, नाहीतर मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी हंडे-परातींसाठी माणूस दारात उभा राहतो.

काळ ठरवताना

‘शंभर-दोनशे वर्षे जुने आहे’ हे वाक्य प्रत्येक वस्तूबरोबर येते आणि बहुतेक वेळा चुकीचे असते. वस्तूवरच असलेल्या खुणा वाचल्या तर पुष्कळदा अधिक नेमके सांगता येते. कागदपत्रांच्या बाबतीत तर जिल्ह्याचे नावच कालगणना सांगते. आपल्या भागात १८१८ साली इंग्रजी अंमल आला आणि एकच खानदेश जिल्हा झाला. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले. १९६०च्या सुमारास पूर्व खानदेशाला जळगाव आणि पश्चिम खानदेशाला धुळे हे नाव मिळाले. आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे नुसते ‘जिल्हे खानदेश’ लिहिलेली पावती साधारणपणे १९०६ पूर्वीची, ‘पश्चिम खानदेश’ छापलेला शाळेचा दाखला १९०६ ते १९६० मधला, आणि ‘नंदुरबार, जि. धुळे’ असलेला लेटरहेड १९९८ आधीचा, असा अंदाज बांधता येतो. जुने छापील कागद लोक पुढे अनेक वर्षे वापरतात, हे लक्षात ठेवून ‘सुमारे’ हा शब्द मात्र सोडू नये.

व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत विक्रम संवत असते, त्यातून ५७ किंवा ५६ वजा केले की इसवी सन मिळतो. शकात ७८ मिळवावे, वर्षअखेरीच्या महिन्यांत ७९. मोडी कागदांत अरबी शुहूर सन आला तर ५९९ किंवा ६०० मिळवावे. घरोघरी सांगितला जाणारा ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणजे संवत १९५६, अर्थात १८९९-१९००. मापांच्या आणि हिशेबाच्या बाबतीत १ एप्रिल १९५७ रोजी आलेली दशमान नाणी आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेली किलोची वजने या दोन रेघा उपयोगी आहेत. आणे-पैंत ठेवलेला हिशेब आणि शेर-पायलीतली नोंद बहुधा त्याआधीची किंवा थोडी नंतरची असते. मापांचे गणित पाटीवर लावण्याजोगे आहे: दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली, चार शेर म्हणजे एक पायली.

मोडी कागद गावात वाचता येत नसतील तर अंदाजाने मथळा देऊ नये. धुळ्याचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ याच कामासाठी १९२७ पासून उभे आहे, आणि राज्याचे पुराभिलेख खाते मोडीचे वर्गही घेते; गावातील एका तरुण शिक्षकाने किंवा शिक्षिकेने तो वर्ग केला तर संग्रहालयाचा खर्च वसूल होतो. तलाठी दप्तरातील किंवा शाळेतील मूळ अभिलेख मात्र कोणी प्रेमाने आणून दिले तरी घेऊ नयेत. ते सरकारी आहेत. परवानगीने नक्कल किंवा छायाचित्र घ्यावे.

बोलणे टिपून ठेवणे

मुलाखतीसाठी महागडी साधने लागत नाहीत. मोबाईल विमान-मोडवर टाकावा, खिशात किंवा उशीवर न ठेवता बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर रुमालावर ठेवावा, पंखा बंद करावा. मे महिन्यात पंखा बंद करणे हा छळ आहे, म्हणून मुलाखती हिवाळ्यात किंवा पहाटे घ्याव्यात. सुरुवातीला तारीख, गाव, दोघांची नावे आणि ‘हे ध्वनिमुद्रण संग्रहालयात ठेवण्यास माझी संमती आहे’ हे वाक्य आवाजातच घ्यावे.

आजींना ‘कोणत्या साली’ असे विचारून उपयोग होत नाही. खुंट्या रोवाव्यात: बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, धाकटा पोटात असताना की चालायला लागल्यावर. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टींसाठी डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला भरलेले, खेड्यात झालेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन, किंवा ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या गोळीबारात शिरीषकुमार आणि त्याचे साथीदार हुतात्मा झाले तो दिवस, अशा खुंट्या चालतात. मात्र या मोठ्या घटनांमागेच धावू नये. त्यांच्यावर लिहिलेले पुष्कळ आहे. गावातला धान्याचा पेव कुठे होता, तो उघडताना आधी कंदील का सोडत, पांझरेच्या काठी फड पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांच्या सामाईक पाटपाण्यात, पाटकरी कोणाला आधी पाणी सोडत असे आणि भांडण कसे मिटे, यावर लिहिलेले थोडे आहे. मुलाखत अहिराणीत होऊ द्यावी आणि उतरवतानाही अहिराणीतच उतरवावी. शुद्ध करण्याच्या नादात माणूसच बदलून जातो.

जुनी छायाचित्रे मूळ मागू नयेत. वर्षातून एक ‘फोटोंचा दिवस’ ठेवावा, स्कॅनर घेऊन बसावे, लहान छायाचित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करून त्याच बैठकीत परत द्यावे आणि त्यातील प्रत्येक माणसाचे नाव डावीकडून उजवीकडे लिहून घ्यावे. सर्व फायलींच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांतली एक गावाबाहेर.

जागा, ऊन, पाऊस आणि वाळवी

पत्र्याचे छत असलेली खोली कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि पत्र्याखाली कागद ठिसूळ होतो, लाकूड उलते, जुनी छायाचित्रे वळतात. धाब्याचे घर उन्हाळ्यासाठी उत्तम; तथापि पावसाळ्याआधी वर खारी माती टाकून चोपणे आणि पन्हळी साफ करणे चुकवता येत नाही. जुन्या शाळेची कौलारू खोली मधली वाट म्हणून चांगली. कोणतीही खोली निवडण्याआधी एक पावसाळा तिच्या भिंती पाहाव्यात. ओल कुठपर्यंत चढते ते खडूने आखून ठेवावे आणि कपाटे त्या भिंतीपासून वीतभर दूर, विटांवर किंवा लोखंडी घोडीवर उभी करावीत.

हवेतील ओलावा मोजणारे छोटे यंत्र काही शे रुपयांत मिळते. आकडा ६५ टक्क्यांवर टिकून राहिला की बुरशी धरते, म्हणून आषाढ-श्रावणात कपाटांची दारे दिवसातून तासभर उघडी ठेवावीत, मात्र बाहेर सर चालू असताना नाही. कागद आणि कापड यांना खिडकीतले ऊन लागू देऊ नये. एखादे नऊवारी लुगडे उन्हाच्या पट्ट्यात वर्षभर टांगले तर जरीशेजारचा रंग कायमचा जातो. ते धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळून ठेवावे, घडी दर सहा महिन्यांनी बदलावी, आणि मांडणीत असेल तर चार महिन्यांनी विश्रांती द्यावी.

पितळ चिंचेने किंवा पावडरीने लखलखीत करण्याची हौस आवरणे कठीण असते, विशेषतः उद्‌घाटनाला पाहुणे येणार असतील तेव्हा. दर घासणीला धातूचा थर आणि त्यावर कोरलेले नाव थोडे थोडे जाते. लग्नात मिळालेल्या भांड्यावरचे टोचलेले नाव आणि तारीख हाच त्या भांड्याचा इतिहास आहे. भांडे कोरड्या मऊ फडक्याने पुसले तरी पुरे. कागदांना लॅमिनेशन करू नये, ते परत सुटत नाही. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरतो.

वाळवी, कसर, टोके आणि उंदीर या चौघांसाठी दर महिन्याला एकाच तारखेला बॅटरी घेऊन कोपरे, कपाटांच्या मागच्या बाजू आणि चौकटी पाहण्याचा नेम ठेवावा. कडुनिंबाचा पाला घालण्यास हरकत नाही, परंतु त्याच्यावर विसंबू नये आणि वाळलेला पाला कपाटात तसाच सोडू नये. कसर लागलेली वही किंवा कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावे, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावे, बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी न उघडता सामान्य तापमानाला येऊ द्यावे; बहुतेक किडे आणि अंडी मरतात. गावात फ्रीजर आइस्क्रीमवाल्याकडे असतो, आणि हिवाळ्यात तो रिकामाही असतो.

एक चूक आमच्या खात्यावर आहे. कणगी रिकामी बरी दिसत नाही म्हणून आम्ही तीत खरी ज्वारी भरली. दिवाळीपर्यंत टोके शेजारच्या लाकडी पाभरीपर्यंत पोहोचले आणि उंदरांनी कणगीलाच भोक पाडले. तेव्हापासून कणगीत गोणपाट भरून वर मूठभर भाजलेली ज्वारी डिंकाने चिकटवलेली पुठ्ठ्याची तबकडी ठेवली आहे.

मांडणी आणि पाट्या

सगळे बाहेर मांडण्याची गरज नाही. एका खोलीत तीस-चाळीस वस्तू आणि उरलेल्या कपाटात, वर्षातून एकदा फेरबदल, हे प्रमाण सांभाळता येते. विषय साधे असावेत: पाणी, धान्य, कापूस, लग्न, बाजार. कापसाच्या कोपऱ्यात सरकी काढण्याचा रेचा, चरखा आणि जिनिंग कारखान्याच्या हजेरीचा बिल्ला एकत्र ठेवले की घरातले काम गिरणीत कसे गेले हे वेगळे सांगावे लागत नाही.

पाटी पन्नास-साठ शब्दांची, ठळक अक्षरांत, मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीला असावी. लहान मुलांसाठी खाली दुसरी पाटी लावावी. आमच्याकडे तिच्यावर फक्त ‘हाई काय शे?’ असा प्रश्न आणि उचलून पाहायची फळी आहे, आणि शाळेची सहल आली की खरी गर्दी तिथेच होते. एक घरोटा आणि एक पाटा-वरवंटा हाताळण्यासाठी मोकळे ठेवावेत. त्यासाठी परत केलेल्या जात्यांपैकी एक नोंदवहीबाहेर, वापराची वस्तू म्हणून मागून आणावे.

उघडण्याचे दिवस

रोज उघडे ठेवण्याचे वचन देऊ नये. आठवडे बाजाराचा दिवस निश्चित करावा, कारण त्या दिवशी शेजारच्या गावांची माणसे येतातच, आणि उरलेल्या दिवसांसाठी दारावर किल्लीदारांचे फोन क्रमांक लिहावेत. किल्ल्या तीन घरांत असाव्यात आणि आत नेहमी दोन माणसांनी जावे. पाळ्यांचा तक्ता शेतीच्या वेळापत्रकावर बेतावा: पेरणीच्या पंधरवड्यात आणि कापूस वेचणीच्या भरात कोणीही मिळणार नाही, हे आधीच मान्य केले की रुसवे होत नाहीत. नोंदणीचे, दुरुस्तीचे मोठे काम माघ ते चैत्र या काळात उरकावे.

वर्षातला सर्वांत महत्त्वाचा आठवडा आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, आणि ज्या वस्तूंची नावे घरातल्या पुरुषांना सांगता आली नाहीत ती त्या उभ्या उभ्या सांगतात. त्या आठवड्यात संग्रहालय रोज संध्याकाळी उघडावे आणि दारात एका मुलीला कोरी वही देऊन बसवावे.

आखाजी उलटली आणि पाऊस अजून लांब आहे, त्या मधल्या दिवसांत वार्षिक मोजणी करावी. एकाने वहीतील क्रमांक वाचावा, दुसऱ्याने वस्तू हातात घेऊन चिठ्ठीवरचा क्रमांक मोठ्याने सांगावा, तिसऱ्याने अवस्था लिहावी. एखादी वस्तू सापडली नाही तर ओळ खोडू नये. तिच्यासमोर तारीख घालून ‘या दिवशी सापडली नाही’ असे लिहावे, तिघांनी सह्या कराव्यात, आणि त्याच आठवड्यात दात्याच्या घरी जाऊन ते सांगावे.